ग्रुपवर प्रश्न टाकतो, पण आलेल्या उत्तरांना उत्तर द्यायचं राहूनच जातं

पिंपळगावकर_पोरगा
मंडळी एक विचारायचंय, हसू नका. द्राक्षाच्या तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात आहे, पहाटे साडेपाचला फवारणीचा ब्लोअर काढायचा आणि नऊला चहा घेताना मोबाईल बघावा तर अडीचशे मेसेज, त्यात निम्मे गुलाबाची फुलं आणि सुप्रभात. गेल्या आठवड्यात पानावर पिवळट तेलकट डाग दिसले, फोटो टाकला, विचारलं डाऊनी (बुरशीचा रोग) आहे का, आणि तेवढ्यात फेलफुट, म्हणजे वेलीचे नको असलेले फुटवे, काढायला बाया आल्या त्यांच्या मागे गेलो तो गेलोच. दोन दिवसांनी वर सरकवत सरकवत बघतो तर एका काकांनी अर्ध्या तासातच लिहिलेलं, "पान उलटं करून फोटो टाका, मागे पांढरी बुरशी आहे का बघू." संध्याकाळी परत, "टाकला का?" नंतर गप्पच. आता नवीन काही विचारायची पण लाज वाटते. तुम्ही कसं सांभाळता हे सगळं?

दिंडोरीचे_अण्णा
बाळा, ते काका मी नाही, पण असतो तर मलाही राग आला असता. उत्तर देणारा काय एसीत बसलेला नसतो, तोही बागेतच उभा असतो, हाताला औषध लागलेलं, चष्मा घरी राहिलेला, तरी फोटो मोठा करून बघतो. वरून नुसता डाग बघून कोण सांगणार, डाऊनीची बुरशी पानाच्या खालच्या अंगाला येते, म्हणून तर पान उलटं करायला सांगितलं. मी अशा कितीतरी पोरांना विचारलेलं आहे, पुढे काय झालं ते सांगायला परत आलेले दोन-तीनच. त्यांना मात्र आजही रात्री अकराला फोन आला तरी उचलतो.

कॉलेजरोड_कट्टा
मी शेतकरी नाही, सोसायटीच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे, म्हणजे त्रास तोच, फक्त डाऊनीच्या जागी पार्किंग 😄 तिन्ही ग्रुप आर्काईव्ह करून टाक. कितीही मेसेज आले तरी वर येत नाहीत, पण तुझ्या मेसेजला कोणी रिप्लाय दिला किंवा तुला मेन्शन केलं तर नोटिफिकेशन येतं. तुला तेवढंच पाहिजे ना? आणि आपला प्रश्न टाकला की लगेच स्टार करायचा, रात्री स्टारवाली यादी उघडायची, अडीचशे मेसेज चाळायची गरजच नाही. उत्तर देताना मेसेज उजवीकडे सरकवून त्यावरच लिही, नाहीतर "हो काका" कोणत्या काकांना ते कोणालाच कळत नाही.

निफाडची_थंडी
तीन ग्रुप कशाला हवेत पण? तिन्हीकडे तीच माणसं, तेच फॉरवर्ड. मी दोन सोडले, काही बिघडलं नाही. आणि साधा हिशोब ठेवलाय, ज्या दिवशी परत बघायला वेळ नाही त्या दिवशी प्रश्न टाकायचाच नाही, फार घाई असली तर सरळ फोन करायचा. थांबून राहिलं तर डाऊनी काय आपल्यासाठी थांबते का, तीन दिवस ढगाळ राहिलं की प्लॉट हातचा जातो.

दिंडोरीचे_अण्णा
@निफाडची_थंडी फोन कराच, पण मग ते उत्तर बाकीच्यांना कसं कळणार? ग्रुपवर एकाला सांगितलं की शंभर जण वाचतात, आणि हा पोरगा परत आला नाही तर त्या शंभरांना पण समजत नाही की औषध लागू पडलं का नाही.

पिंपळगावकर_पोरगा
अण्णा, मनाला लागलं ते. काल रात्री ग्रुपवर काकांच्याच मेसेजवर लिहिलं, "काका चुकलो, मजूर होते म्हणून बघितलंच नाही, फवारणी करून टाकली, डाग वाढले नाहीत पण मागची बाजू बघायची राहिली." पाच मिनिटात उत्तर, "ठीक. आता नवीन पानं बघ, सकाळी दव असताना, उलटी करून." ना राग ना काही. दोन ग्रुप आर्काईव्ह केले, एक सोडला. बॅटरी घेऊन निघतोय प्लॉटात, काका "टाकला का" विचारायच्या आत फोटो गेला पाहिजे.