मदत हवी आहे: समुद्राखालच्या केबलला डीसीच का? (परवा सेमिनार)

लातूरकर_ईई
परवा सेमिनार आहे आणि एका स्लाइडवर अडकलोय. विषय दोन देशांमधली समुद्राखालची वीज केबल. मी लिहिलं की अंतर लांब म्हणून एसी चालत नाही, डीसी लागतं. सर म्हणाले, "तुझ्या केबलला हे कारण लागू नाही, दुसरं शोध." दोन दिवस शोधायलोय, जिथं बघावं तिथं तेच कारण. लवकर सांगा. लिंका नका देऊ, वीस उघडून बसलोय.

परभणीचा_पक्या
कोणती केबल? कोणते देश? डिप्लोमा का डिग्री?

केव्हीए_संभाजीनगर
सर चुकलेत. नॉर्वे-ब्रिटन केबल ७२० किमी आहे, १४०० मेगावॅटची, २०२१ ला सुरू झाली. तिथं एसी शक्यच नाही. केबल म्हणजे एक लांबलचक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग), एसीत तो सारखा भरायला-रिकामा करायला करंट लागतो, तोच चार्जिंग करंट. २२० केव्हीला किलोमीटरमागं साधारण ८ अँपिअर चार्जिंग करंट धर. १०० किमीला ८०० अँपिअर नुसते केबल भरण्यातच गेले, वीज कशानं नेणार? हे गणित लिहून दे, सर गप्प बसतील.

बोअर_औसा
केबल जाड घ्या, काही अडत नाही. आमची बोअर ७०० फूट, आधी पातळ केबल टाकली होती. व्होल्टेज पडून मोटर दोनदा जळली. जाड टाकल्यापासून तीन उन्हाळे झाले, हात लावला नाही.

केव्हीए_संभाजीनगर
काका, तो व्होल्टेज ड्रॉपचा विषय. हा चार्जिंग करंटचा आहे. जाड केबलनं चार्जिंग करंट उलट वाढतो.

बोअर_औसा
वाढू द्या. मोटर चालली ना?

लातूरकर_ईई
सॉरी, देश लिहायचे राहिले. भारत-श्रीलंका, मदुराईकडून. एप्रिल २०२५ ला दोन्ही सरकारांचा करार झाला तीच. डिप्लोमा, तिसरं वर्ष.

परभणीचा_पक्या
मग सरांचं बरोबर आहे. धनुष्कोडी ते तलाईमन्नार समुद्र ३० किमीच्या आसपास. केव्हीएभाऊ, तुमच्याच हिशेबानं २४० अँपिअर. रिअ‍ॅक्टर (चार्जिंग करंट भरून काढणारी मोठी कॉइल) लावून एवढं सांभाळता येतं.

केव्हीए_संभाजीनगर
आधी देश सांगितले असते तर नॉर्वे कशाला काढलं असतं? पण गणित चुकीचं नाही माझं.

शेतकरी_बीड
श्रीलंकेला वीज द्यायच्या आधी आमच्या शेताला दिवसा द्या. रात्री दोनला उठून गहू भिजवायलोत. मागच्या महिन्यात शेजारच्या पोराला पाण्यात साप चावला.

परभणीचा_पक्या
दादा, सौर पंपाला अर्ज करा. माझ्या मामाचा बसला, सकाळी नऊला पाणी सुरू.

शेतकरी_बीड
अर्ज करून, पैसे भरून वर्ष झालं. फोन केला की पुढच्या आठवड्यात म्हणतात.

निवृत्त_उपकेंद्र
बाळा लातूरकर, इकडं लक्ष दे. चौतीस वर्षं उपकेंद्रात काढली म्हणून सांगतो. कारण अंतर नाही, सिंक्रोनिझम आहे.

दोन्हीकडं ५० हर्ट्झच आहे, पण दोन ग्रिड (देशभरातली विजेची जाळी) एका ठेक्यात नाहीत. एसीनं जोडलं की दोन्ही मिळून एकच यंत्र होतं. मग एकीकडचा झटका दुसरीकडं जातो. श्रीलंकेची कमाल मागणी ३००० मेगावॅटच्या आतली, आणि चर्चा १००० मेगावॅटच्या जोडणीची. म्हणजे त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी वीज एकाच वाटेनं! ९ फेब्रुवारी २०२५ ला कोलंबोजवळच्या पानदुरा उपकेंद्रात माकड शिरलं आणि सगळ्या देशाची वीज गेली. एवढं नाजूक ग्रिड एसीनं बांधून कसं चालेल? डीसीत एसीचं डीसी होतं, पलीकडं पुन्हा एसी. मधून किती मेगावॅट जायचे ते आपण ठरवतो, फ्रिक्वेन्सीचा हेलकावा पलीकडं जात नाही.

पुरावा हवा तर बांगलादेशातलं भेडामारा बघ. २०१३ ला ५०० मेगावॅटचं डीसी स्टेशन झालं. बॅक-टू-बॅक, म्हणजे डीसी लाइनची लांबी शून्य. अंतर हेच कारण असतं तर ते बांधलंच नसतं.

केव्हीए_संभाजीनगर
सर, भेडामारा माझ्या डोक्यातच आलं नाही. हे मान्य.

लातूरकर_ईई
काका, खूप आभार. सरांनी "भारतात असं कुठं होतं" विचारलं तर?

निवृत्त_उपकेंद्र
आपल्या दारातच. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला १००० मेगावॅटचं असंच स्टेशन आहे, पश्चिम आणि दक्षिण ग्रिड त्यानं जोडलेले होते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइन सुरू झाली, तेव्हा दक्षिण ग्रिड बाकी देशाशी एसीनं एका ठेक्यात आलं. ती स्लाइड टाक.

नांदेड_नेटकर
समुद्रातली इंटरनेटची केबल मुंबईत कुठं वर येते, कुणाला माहीत आहे का?

परभणीचा_पक्या
वर्सोवा. पण इथं विजेचं चाललंय.

लातूरकर_ईई
स्लाइड बदलली. काका, भेडामाराचा फोटो कुठं मिळंल? उद्या कॉलेजात नेट चालत नाही.

बोअर_औसा
आणि माझ्या साडेसातच्या मोटरला किती एमएमची टाकू? दुसरी बोअर घ्यायलोय.