मदत हवी आहे: देवळीतला लाल फँटा पोराने प्यायला, आता काय?

नवी_इथली
अर्जंट आहे, मोबाईलवरून टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या. इथे थायलंडमध्ये बिल्डिंगच्या गेटपाशी ती छोटी देवळी असते ना, तिथे रोज लाल फँटाची बाटली ठेवलेली असते. काल संध्याकाळी मी पार्सल घ्यायला खाली गेले, दोन मिनिटं फक्त, तेवढ्यात पोराने बाटली उचलून अर्धी संपवली पण. वॉचमन बघत होता, काही बोलला नाही, नुसता हसला. मी दहा वेळा 'खोथोत खा' (थाईत सॉरी) म्हटलं, परत हसला. पण आज सकाळी रोजचा हाय फाय दिला नाही पोराला आणि बिल्डिंगच्या ऑफिसमधल्या बाईनेही मान वळवली. रविवारी घरमालकीण येणार आहे, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचंय. पैसे वगैरे द्यायचे असतात का कुणाला? नवरा म्हणतो नवी बाटली ठेव आणि विषय संपव.

बाब्या_बँकॉककर
ताई, शहर कुठलं ते तरी सांगा. बँकॉक, पट्टाया, च्यांग माय? देवळी एकच आहे का दोन? एका खांबावरची असेल तर ती सान फ्रा फूम, म्हणजे जागेचा देव. शेजारी चार खांबांवरची बुटकी असेल तर ती ता-यायची, आधी तिथे राहून गेलेल्या म्हातारा-म्हातारीची. आणि चार तोंडांची मूर्ती असेल तर प्रकरण वेगळं, तो फ्रा फ्रोम, आपला ब्रह्मदेव, बँकॉकच्या एरावण देवळात आहे तो. बाटली नक्की कुठली उचलली?

टीएम३०_केलं_का
रिन्यू करताय तर मालकिणीकडून आधी टीएम ३० ची पावती घ्या. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं काम मालकाचं असतं. बरेच जण कळवत नाहीत आणि आपल्याला ते कळतं चेंग वत्थनाच्या इमिग्रेशन ऑफिसात दोन तास बसून नंबर आल्यावर. अनुभवाचे बोल.

नवी_इथली
टीएम ३० चं कुणी विचारलंय का? बँकॉक, ऑन नुट, कॉन्डो. देवळी एकच, एका खांबावर.

विवेकवादी_नागपूर
पोरगं साखरेचं पाणी प्यायलं, एवढंच झालंय. बाटली किती तास उन्हात होती आणि पोट ठीक आहे का ते बघा. शिकलेली माणसं परदेशात जाऊन पण हेच करणार का?

तळकोकण
@विवेकवादी, आमच्याकडे राखणदाराचा मान न देता बांधावर कुदळ मारून दाखवा, मग बोलू. नारळ, विडी, गाऱ्हाणं. हे तेच आहे, विडीच्या जागी फँटा. लाल का, तर पूर्वी रक्ताचा नैवेद्य असायचा त्याच्या बदली आला असं तिकडे सांगतात. ताई, तुम्ही मराठीतच गाऱ्हाणं घाला, देवाला भाषा लागत नाही.

विवेकवादी_नागपूर
मग वॉचमनला पण मराठीतच समजावा.

तळकोकण
चेष्टा करायला धागा नाहीये हा.

पोहे_प्रेमी
थोडं अवांतर, ऑन नुटकडे कढीपत्ता कुठे मिळतो? दरवेळी फाहुरातला जायचा कंटाळा येतो.

सुखुमवित_मावशी
पंधरा वर्षं झाली इथे म्हणून बोलते. उदबत्ती पेटलेली होती की विझलेली? विझली म्हणजे देवाचं जेवण झालं, मग हात जोडून परवानगी मागायची आणि उचलायचं, त्याला 'ला' म्हणतात. आमच्या ऑफिसातल्या मुली तर देवळीपुढची केळी उचलून डेस्कवर वाटतात. लहान पोराने सरबत प्यायलं म्हणून थाई माणूस असं धरून बसत नाही गं. तू काहीतरी सांगत नाहीयेस. अजून काय झालं?

नवी_इथली
विझलेली होती बहुतेक, लक्ष नव्हतं.
बरं, एक झेब्रा आहे. रात्री पोराच्या खिशात सापडला, बोटाएवढा, एक कान तुटलेला. मला वाटलं कुणाचं तरी खेळणं असेल, मग लक्षात आलं देवळीपाशी तसलेच दहा-बारा उभे असतात. नवरा म्हणाला गुपचूप ठेवून ये, पण सीसीटीव्ही आहे तिथे.

बाब्या_बँकॉककर
अहो झेब्रा!! हे आधी सांगायचं ना. फँटा काय, उद्या नवा येतो. झेब्रा कुणीतरी नवस फेडायला आणून ठेवलेला असतो.

पोहे_प्रेमी
पण झेब्राच का? थायलंडमध्ये झेब्रे आहेत?

बाब्या_बँकॉककर
झेब्रा क्रॉसिंगवरून आलंय म्हणे, रस्ता सुखरूप पार व्हावा म्हणून. दुसरं काही सांगणारेही भेटतील.

सुखुमवित_मावशी
तरीच. तो वॉचमन तोंडावर बोलणार नाही, तुला अवघडल्यासारखं होईल म्हणून. क्रेंग जाय म्हणतात त्याला, इथे राहायचं तर हा शब्द आधी शीक. हसला म्हणजे सगळं ठीक असं नसतं. गुपचूप काही ठेवू नकोस. उद्या सकाळी पोराला घेऊन जा, झेब्रा त्याच्याच हाताने वॉचमनला द्यायला लाव, कान तुटलाय हेही दाखव, परत ठेवायचा की नाही ते तो ठरवेल. झेंडूची माळ, नऊ उदबत्त्या, नवी बाटली, झाकण काढून. पोराला वाय, म्हणजे हात जोडून नमस्कार, करायला लाव. पैसे मुळीच देऊ नकोस, अपमान होईल त्याचा.

विवेकवादी_नागपूर
माफी मागा, पटलं. उदबत्त्या कशाला?

सुखुमवित_मावशी
देवळी कोण झाडतं रोज? तोच ना. मग त्याच्यासाठी समज.

नवी_इथली
अपडेट. जाऊन आले. वॉचमनने झेब्रा हातात घेऊन कान बघितला आणि बराच वेळ काहीतरी बोलला, मोबाईलवर भाषांतर करून बघितलं तर कान आधीपासूनच तुटका आहे म्हणे. आधीच्या जागी नाही ठेवला, मागच्या ओळीत ठेवला. उदबत्त्या पेटवताना माझं बोट भाजलं. मग मी बाटली ठेवली तर तो थांब थांब करत केबिनमध्ये पळाला, मला वाटलं आता काय चुकलं. स्ट्रॉ आणायला गेला होता. पोराने वाय करताना कपाळ खांबावर आपटून घेतलं, वॉचमन जोरात हसला, खरंखुरं हसला यावेळी, आणि हाय फाय मिळाला.
ऑफिसवाली बाई मात्र अजून बघत नाही. तिचं वेगळं काही असेल, मागच्या आठवड्यात मी सामानाच्या कार्टसाठी भांडले होते.
मावशी थँक्यू. आणि ते टीएम ३० म्हणजे नक्की काय असतं? नवरा म्हणतो आमचं झालेलं नाहीये.

टीएम३०_केलं_का
व्यनि (खाजगी मेसेज) केलाय.