शिक्षा कडक हवी की निकाल लवकर?

लातूरकर:
सिंगापूरने 1994 मध्ये गाड्यांवर रंग फासणाऱ्या अमेरिकन पोराला छडीची शिक्षा दिली. क्लिंटननी शब्द टाकला, तर सहाचे चार फटके झाले, एवढंच. असा धाक पाहिजे. नाहीतर नॉर्वे बघा. ब्रेविकने 77 माणसं मारली, शिक्षा 21 वर्षं!

गंगाखेडचा वकील:
अर्धंच सांगू लालात भाऊ. माणूस धोकादायक आहे तोवर कोर्ट ती 21 वर्षं वाढवत नेऊ शकतं. मला हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. हत्याकांड जुलै 2011चं, निकाल ऑगस्ट 2012ला. आमच्याकडे समन्स घेऊन पोलीस दारात जातो तर घराला कुलूप. साक्षीदार कोयता घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेलेला, उन्हाळ्याच्या तोंडावर परतणार. तोवर नुसत्या तारखा, आणि इकडे पंच फितूर. मग फटके लिहा नाहीतर फाशी, भितंय कोण?

माजलगावची:
वकीलसाहेब, ब्रेविक जागेवर सापडला होता, मीच मारले म्हणत होता. तिथं वेळ लागेल कशाला? घाई काय करते ते जपानात बघा. आरोप ठेवण्याआधी 23 दिवस कोठडी, चौकशीला वकील सहसा बसू देत नाहीत, आणि खटला उभा राहिला की 99 टक्क्यांवर दोषी. तिथल्या हाकामादा नावाच्या माणसाला 1966ला खुनाच्या आरोपात पकडलं, 1968ला फाशी सुनावली. निर्दोष ठरला 2024 साली.

लातूरकर:
एका हाकामादापायी सगळे मोकळे सोडायचे का? आमच्या गल्लीतल्या बाईचं मंगळसूत्र ओरबाडलं. चोर आठवड्यात जामिनावर बाहेर, चौकात चहा पिऊ लालता. बाई मात्र रस्ता बदलून जाते.

गंगाखेडचा वकील:
त्याला जामीनदार मिळाला. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कच्चे कैदी आहेत, त्यांचं काय? नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 म्हणतं, पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला असेल तर जातमुचलक्यावर सोडा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यात नाहीत. पण त्याआधी जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहतो, कारण जामीनदाराचा सातबारा मागतात. ऊसतोड्याच्या ओळखीत सातबारावाला कोण? मुकादम. आणि तो फुकट उभा राहत नाही.

लातूरकर:
मान्य. पण मंगळसूत्राचं उत्तर दिलं नाही तुम्ही.