डोकं वळतं की मान? व्हिडिओतल्या ‘हेड पोज’साठी शब्द हवेत

व्हिडिओतल्या प्रत्येक माणसाच्या डोक्याभोवती चौकट आखायची आणि ते कुठे वळलंय ते नोंदवायचं, असं काम चालू आहे आमच्याकडे, आणि नोंदी करणाऱ्या मुलांसाठी मराठीत सूचना लिहायचं माझ्याकडे आलंय. यॉ, पिच, रोल या तीन कोनांवर अडलेय. हे मुळात जहाज-विमानाचे शब्द. एकाने ‘शिरोभिमुखता’ सुचवलं, पण ते वाचून मुलांना काय कळणार? आणि ट्रॅकिंगला, म्हणजे तेच डोकं पुढच्या फ्रेममध्येही ओळखत राहण्याला, ‘मागोवा’ चालेल का?

प्रतिसाद :
अहो, मराठीत डोकं दुखतं, फिरतं, चालतं, पण वळते ती मान. मान वळवली, मान वर केली नाहीतर खाली घातली, मान कलली, झाले की तिन्ही कोन! वळण, वर-खाली आणि कल एवढंच लिहा. डोकं हा शब्द मोजणीला ठेवा, आपण डोकी मोजतो, दरडोई म्हणतो, म्हणजे चौकट डोक्याची आणि कोन मानेचा.

प्रतिसाद :
‘मागोवा’ नको, त्यात मागे वळून बघणं आलं, वर्षभराचा मागोवा घेतात तसं. ‘माग ठेवणे’ बरं. माग म्हणजे पावलांचा ठसा, गुरं शोधायला निघालेला माणूस माग काढतो तेव्हा मधे ओढा लागला तरी पलीकडे तीच गाय शोधतो ना, तसंच इथे डोकं खांबाआड गेलं आणि चार फ्रेमनंतर बाहेर आलं तर त्याचा नंबर तोच राहायला हवा.
आणि संस्कृतच हवं तर नवं कशाला घडवता, नाट्यशास्त्रात १३ शिरोभेद आहेत की! हळूहळू आडवं हलवलं तर धुत, भराभर वर-खाली केलं तर कंपित, मान एका बाजूला जराशी कलली तर अंचित. फक्त ही हालचालींची नावं आहेत, एका फ्रेममधल्या कोनाची नाहीत, म्हणून सूचनेत मी घालणार नाही.

प्रतिसाद (मूळ लेखिका) :
वळण, वर-खाली, कल घेतले, खूप आभार! अजून एक घोळ म्हणजे ‘डावीकडे’. कुणाची डावी, बघणाऱ्याची की त्या माणसाची? अर्ध्या नोंदी उलट्या आल्या होत्या त्यामुळे, म्हणून आता ‘त्याच्या डाव्या खांद्याकडे’ असं लिहितेय. ‘पाठमोरा’ तर किती नेमका शब्द आहे, व्हायोला-जोन्स यांची संगणकाने चेहरे शोधायची २००१ची गाजलेली पद्धत समोरून दिसणारे चेहरे शोधायची, पाठमोऱ्या माणसाचा चेहराच नाही तर ती काय शोधणार, पण डोकं असतंच आणि त्याची चौकट आम्हाला हवीच असते.
‘नजर’ मात्र मी खोडलाय. मान फळ्याकडे आणि डोळे खिडकीबाहेर असं वर्गात रोज होतं, आणि आम्ही मोजतो फक्त मान. त्या दिशेला ‘रोख’ म्हणावं असं वाटतंय पण रोख म्हटलं की बोलण्याचा रोख आठवतो, नुसतं ‘तोंड कुठे’ असं विचारलं तर?

प्रतिसाद :
‘तोंड कुठे’च ठेवा. ‘दाराकडे तोंड करून बसलाय’ हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि पाठमोऱ्यालाही चालतं, त्याचं तोंड पलीकडे.