मदत हवी आहे: कप्तानाशिवाय याट भाड्याने घेताना

मंडळी, आम्ही चौघे आठवडाभरासाठी शिडाची याट भाड्याने घेऊन बेटं फिरायचं म्हणतोय. बेअरबोट, म्हणजे कप्तान-खलाशी कुणी नाही, सगळं आपलं आपण. माझ्याकडे आयसीसी (बोट चालवण्याचं आंतरराष्ट्रीय) प्रमाणपत्र आणि व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरच्या संपर्क-रेडिओचा परवाना आहे. बायको दोर उत्तम सांभाळते. बाकी दोघे निव्वळ प्रवासी (आणि खवय्ये).

खरी धास्ती आहे नांगराची. मागच्या सहलीत कप्तान सोबत असूनही ६ मीटर पाण्यात जेमतेम २० मीटर साखळी सोडली होती. रात्री वारा फिरला. किनाऱ्यावरचा एक दिवा खिडकीतून सरकत सरकत दिसेनासाच झाला, तेव्हा कळलं, नांगर घसरतोय! पाण्याची खोली अधिक बोटीच्या पुढच्या टोकाची पाण्यावरची उंची, याच्या चार-पाचपट साखळी हवी, हे नंतर समजलं. पण गर्दीच्या खाडीत एवढी साखळी सोडली तर बोट झुलत शेजाऱ्यावर जाते. अशा वेळी तुम्ही काय करता?

दुसरं, अनामत रक्कम. ताबा घेताना फोटो काढूच, पण पाण्याखालचं सुकाणू आणि कील (तळाखालचा जड कणा) कोण बघणार? डुबकी मारून पाहता का? अनामतीचा वेगळा विमा घेणं कामाला येतं का?

कॅटमरान (दोन जोडतळांची रुंद बोट) ऐसपैस असते, पण धक्क्यावर जागा जास्त अडवते, म्हणून ३८ फुटी साधी याटच बरी वाटतेय. पहिल्याच दिवशी २० सागरी मैल जास्त होतील का?