गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची बॉडी घरीच बदलायची आहे. शेल कोणता घ्यावा?

दुसरा_प्लेयर

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे निन्टेंडोचं गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमयंत्र आहे. २००१ साली आलेलं पहिलं आडवं मॉडेल, घडीचं एसपी नव्हे. यंत्र ठणठणीत आहे, पण बॉडीची रया गेली आहे. एका कोपऱ्याला तडा, बॅटरीचं झाकण चिकटपट्टीवर तग धरून, आणि पुढच्या काचेवर इतके ओरखडे की आधीच अंधारी असलेली स्क्रीन खिडकीपाशी बसूनही धड दिसत नाही.

नवीन शेल घालायचा विचार आहे. बघायला गेलो तर पारदर्शक, दुरंगी, चित्रं छापलेले असे ढीगभर प्रकार दिसले आणि डोकं गरगरलं. कुठला घ्यावा? सोल्डरिंगचा मला गंध नाही, तरी जमेल का? आणि अवजारं काय लागतील?

रिबनवाला

रंग नंतर ठरवा, आधी स्क्रीन ठरवा. नव्वद टक्के फसवणूक इथेच होते, आणि ती विकणारा करत नाही, आपण घाईत स्वतःच करून घेतो.

या यंत्राचे शेल ढोबळमानाने तीन प्रकारचे मिळतात. पहिला, मूळ एलसीडीच्या मापाचा. दुसरा, आयपीएस पॅनेलसाठी, म्हणजे मागून उजेड असलेल्या नव्या स्क्रीनसाठी, आतून आधीच कापलेला. तिसरा, ज्या किटमध्ये काच आणि पॅनेल एकत्र चिकटवलेले येतात त्या लॅमिनेटेड किटसाठीचा. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. पण आयपीएसच्या शेलमध्ये मूळ एलसीडी घातली तर तिला आधार राहत नाही, ती हलते आणि तिरकी बसते. उलट केलंत तर नवं पॅनेल बसतच नाही, मग आतलं प्लॅस्टिक कातरत बसावं लागतं. नवख्याने त्या फंदात पडू नये.

आता माझं मत. काचेतून दिसत नाही ही तुमची खरी तक्रार असेल, तर नुसती काच बदलून अर्धंच काम होईल. मूळ स्क्रीनला मागून उजेडच नाही, ती बाहेरच्या प्रकाशावर चालते. एवीतेवी यंत्र उघडणारच आहात, तर आयपीएस किट आणि त्याला जुळणारा शेल एकदमच घ्या. साध्या जोडणीला सोल्डरिंग लागत नाही, रिबन केबल खटक्यात (कनेक्टरमध्ये) सरकवली की झालं. बटणं दाबून उजेड कमीजास्त करायचा असेल तरच दोनतीन तारा डागाव्या लागतात. बऱ्याच किटमध्ये त्यासाठी स्पर्शाची पट्टी असते, तेवढी पुरे. सेल मात्र लवकर उतरतात, ते धरून चाला.

एक तपासा: या यंत्राच्या बोर्डावर स्क्रीनचा खटका ३२ पिनांचा असतो किंवा ४० पिनांचा. किटमध्ये दोन्हींची सोय आहे ना, ते वाचूनच मागवा.

स्क्रूढिला

रिबनवालांशी सहमत. मी अवजारांचं आणि उघडण्याचं सांगतो.

मागचे सहा स्क्रू ट्राय-विंग, म्हणजे तीन पाकळ्यांचे. सातवा बॅटरीच्या खणात, तो साधा चार पाकळ्यांचा. शेलसोबत जो फुकट स्क्रूड्रायव्हर येतो तो ठेवणीत टाका. त्याचं टोक मऊ असतं, जुन्या घट्ट स्क्रूवर तेच झिजतं आणि जाताना स्क्रूचं डोकंही खाऊन जातं. एक बरा ट्राय-विंग वेगळा घ्या. आतल्या स्क्रूंसाठी जेआयएस (जपानी मानकाचं) टोक मिळालं तर उत्तम. जपानी यंत्रांचे चार पाकळ्यांचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्सशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणूनच घसरतात. डोकं आधीच खराब असेल तर मध्ये रुंद रबरबँडचा तुकडा ठेवून वरून जोर द्या आणि हळू फिरवा.

सेल आणि कॅसेट आधी काढा, हे सांगायला नको, तरी सांगतो. मागची बाजू उचलली की एल आणि आर बटणांकडे लक्ष द्या. त्यांच्या बारीक सळया आणि स्प्रिंगा उडाल्या की फरशीवर रांगायची वेळ येते. आतलं काही हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, स्प्रिंगेचा कुठला पाय कुठे टेकला होता ते नंतर आठवत नाही.

स्क्रीनची रिबन ओढून काढायची नाही. खटक्याच्या दोन्ही टोकांना छोटे कान असतात, ते नखाने आळीपाळीने किंचित सरकवायचे. रिबन आपोआप मोकळी होते. कान तुटला तर नवा शेल राहील बाजूला, बोर्डच दुरुस्तीला काढावा लागेल. स्पीकर बोर्डाला बारीक तारांनी जोडलेला असतो, तेव्हा बोर्ड झटक्यात उलटा करू नका.

जुनं_ते_सोनं

माझा सूर वेगळा लागेल, पण लिहितो. मूळ बॉडी बदलू नका. काच वेगळी मिळते, झाकण वेगळं मिळतं. तडा गेलेला कोपरा आतून चिकटवता येतो. बाकीचं कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश, अर्थात बोर्ड बाहेर काढून. मूळ प्लॅस्टिकची जाडी, बटणांची बसणी, कॅसेट आत जातानाची ती पकड नव्या शेलला येत नाही. आणि या वस्तू जमवणारे लोक आधी मूळ बॉडी आणि मागचं लेबल बघतात.

रिबनवाला

@जुनं_ते_सोनं, जमवणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पण धागाकर्त्याला खेळायचं आहे. शिवाय जुनी बॉडी फेकायला कोण सांगतंय? स्क्रूंसकट पिशवीत घालून ठेवायची. उद्या मन बदललं तर परत चढवता येते, फक्त आयपीएस किटसाठी तिला कातरू नका म्हणजे झालं.

बसणीचा मुद्दा मात्र मान्य. त्यावर उपाय असा: शेलसोबत येणारी बटणं वापरा हवं तर, पण बटणांखालची रबरं मूळचीच ठेवा. नवी रबरं बऱ्याचदा कडक किंवा लिबलिबीत निघतात. मूळ रबरं कोरड्या मऊ कापडाने पुसा, आणि बोर्डावरच्या काळ्या टिपक्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हलक्या हाताने. बॅटरीच्या पत्र्यांवर पांढरट-हिरवट साका असेल तर व्हिनेगरचा बोळा, मग अल्कोहोल, मग नीट वाळू द्या.

नुसतीवाचक

एरवी नुसती वाचते, आज लिहिते. पिवळ्या पडलेल्या बॉडीला हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात, ते शेल बदलण्यापेक्षा सोपं नाही का?

जुनं_ते_सोनं

ती पिवळी पडलेल्या फिकट प्लॅस्टिकची गोष्ट, सुपर निन्टेंडोसारख्या करड्या यंत्रांची. प्लॅस्टिकमधल्या ब्रोमीनयुक्त अग्निरोधकावर आणि अतिनील किरणांवर त्याचं खापर फोडलं जातं. उपाय चालतो, पण लेप सारखा नसेल तर ढगाळ डाग उठतात, आणि काही काळाने पिवळेपणा परतही येतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. धागाकर्त्याच्या तड्याला आणि ओरखड्यांना त्याचा शून्य उपयोग.

उशिरा_आलो

वाचनखूण साठवली आहे. थोडं अवांतर: निन्टेंडो स्विच या गेमयंत्राची बॉडीही अशीच बदलता येते का? मुलांनी पार वाट लावली आहे.

रिबनवाला

स्विचची मागची पाठ आणि जॉय-कॉन (दोन्ही बाजूंचे कंट्रोलर), एवढ्यावर थांबा. पुढची चौकट बदलायची तर जवळजवळ सगळं यंत्र रिकामं करावं लागतं आणि चिकटवलेली स्पर्शाची काच गरम करून सोडवावी लागते. रंगासाठी एवढी उठाठेव करण्यात अर्थ नाही. साध्या स्विचची पाठ ओएलईडी स्विचला बसत नाही, मॉडेल बघून घ्या.

जॉय-कॉन कठीण नाहीत, किचकट आहेत. मागे चार ट्राय-विंग. उघडल्यावर दोन्ही अर्धे पुस्तकासारखे हळूच उलगडा, कारण आतून रिबन एकमेकांत गुंतलेल्या असतात. सर्वांत आधी बॅटरीचा खटका सोडवा. बॅटरी उचलायला धातूचं काही वापरू नका. स्टिक आपोआप सरकत असेल तर ती याच वेळी बदलून घ्या.

स्क्रूढिला

पीएस५ (प्लेस्टेशन ५) असेल तर मात्र मजाच आहे. बाजूच्या पांढऱ्या पाट्या बिनस्क्रूच्या, सरकवून निघतात. पहिल्या मॉडेलच्या पाट्या २०२३ च्या स्लिमला होत नाहीत, तिच्या चार वेगळ्या आहेत. पण पाट्यांच्या आत शिरू नका. वीजपुरवठा यंत्राच्या पोटातच आहे आणि प्रोसेसरवर द्रवधातू आहे. हौसेने उघडायची जागा नव्हे ती.

दुसरा_प्लेयर

सगळ्यांचे आभार. शेवटी आयपीएस किट आणि त्याच मापाचा पारदर्शक शेल घेतला, रबरं मूळची ठेवली. जुनी बॉडी पिशवीत. स्क्रीन बघून थक्क झालो, याच्यावर इतके रंग होते हे माहीतच नव्हतं!

दोन अडचणी आहेत. आर बटण दाबलं की आतच राहतं, आणि काचेच्या आत एक केस अडकलाय, आता मला त्याच्याशिवाय काहीच दिसत नाही. बटणाची स्प्रिंग फोटोप्रमाणेच बसवली आहे.

स्क्रूढिला

स्प्रिंग बरोबर असेल तर बहुतेक स्क्रू जास्त आवळले गेलेत. नव्या शेलमध्ये दोन्ही अर्धे करकचून आवळले की वरचं बटण मध्ये चिमटतं. त्या कोपऱ्यातला स्क्रू पाव फेरा सैल करून बघा. तरीही अडकलं तर बटणाच्या कडेला ओतकामाचा कंगोरा राहिला असेल, तो बारीक पॉलिश पेपरने एकदोन हात घासा, जास्त नको.

आणि पुन्हा उघडाल तेव्हा प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत घालताना आधी उलटा फिरवा. टक असं बसलं की मग सुलटा. नाहीतर दर वेळी नवे आटे पडतात आणि खांब पोकळ होतो.

रिबनवाला

केसासाठी सगळं यंत्र उघडू नका. हेअर ड्रायरची मंद ऊब काचेच्या कडेला द्या, प्लॅस्टिकचं कार्ड घालून काच हळूच उचला. आंघोळीनंतरच्या बाथरूममध्ये, वाफ बसून गेल्यावर हे करा, तेव्हा हवेत धूळ कमी असते. चिकटपट्टीच्या टोकाने केस उचला, पॅनेलवर फुंकर मारू नका, थुंकी उडते. चिकट कड कोरडी राहिली तर तीच काच पुन्हा बसते, नाहीतर बारीक दुहेरी टेप लावा.

दुसरा_प्लेयर

पाव फेऱ्याने आर बटण सुटलं! केसाचं रविवारी बघतो, आधी एक गेम संपवू द्या.