मनोविकाराचे निदान झालेले असूनही आरोपीला शिक्षा कशी होते?

चौकस:
खुनाच्या खटल्यात आरोपीला स्किझोफ्रेनिया असल्याचे मनोविकारतज्ज्ञ साक्षीत सांगतात, तरीही त्याला जन्मठेप होते, असे निकाल अधूनमधून वाचनात येतात. आजाराबद्दल न्यायालयाला शंका नसेल, तर आरोपी जबाबदार कसा ठरतो? आणि या कारणावरून तो निर्दोष ठरलाच, तर सरळ घरी जातो का?

सनद:
भारतीय न्याय संहितेचे कलम 22, म्हणजे जुन्या दंड संहितेचे कलम 84, आजाराचे नाव विचारत नाही. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे त्या कृत्याचे स्वरूप, किंवा आपण करतो ते चुकीचे वा बेकायदेशीर आहे, हे जाणण्यास आरोपी असमर्थ होता का, एवढेच ते पाहते. हे शाबीत करण्याचा भार आरोपीवर असतो. मात्र गुजरातमधील एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने 1964 सालीच स्पष्ट केले की दिवाणी दाव्याइतकी संभाव्यता, म्हणजे आपले म्हणणे खरे असण्याची शक्यता अधिक आहे एवढे, दाखवणे त्याला पुरेसे आहे, आणि तेवढेही जमले नाही तरी त्याच्या उद्देशाबद्दल रास्त शंका निर्माण झाल्यास तिचा फायदा त्याला मिळतो.

त्या क्षणीची मनःस्थिती कोणीच पाहिलेली नसते. म्हणून आधीची व नंतरची वागणूक तपासली जाते. पत्नीच्या खुनाबद्दल दोषी ठरलेल्या महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाला सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये निर्दोष ठरवले, तेव्हा घटनेपूर्वीपासून चालू असलेले उपचार, घटनेनंतर त्याला वारंवार रुग्णालयात न्यावे लागणे, वडिलांचा मानसिक आजार, हेतूचा कमकुवतपणा आणि त्याने पळून जाण्याचा प्रयत्न न करणे, या सर्वांचा एकत्रित विचार झाला. माझ्या मते अशा खटल्यांत जुने केस पेपर हे साक्षीदारांपेक्षा मोलाचे ठरतात, आणि गरीब घरांत नेमके तेच जपलेले नसतात.

मनोविकार विभागातून:
कायद्याची ही कसोटी केवळ ज्ञानाची आहे, हीच तिची उणीव मला वाटते. शेजारी आपल्या अन्नात विष कालवतो, अशी ठाम खात्री झालेल्या रुग्णाला चाकूने माणूस मरतो हे पूर्ण ठाऊक असते. बिघडलेली असते ती त्याची वास्तवाची जाण. कृत्य चुकीचे आहे हे कळूनही ज्याला स्वतःला आवरता आले नाही, त्याला तर आपला कायदा सूट देतच नाही. या कसोटीचे मूळ इंग्लंडमधील 1843 च्या मॅकनॉटन खटल्यात आहे. डॅनियल मॅकनॉटनने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली; ज्युरीने त्याला वेडाच्या कारणावरून दोषमुक्त केले, त्यावर गदारोळ उठला आणि त्यानंतर न्यायाधीशांनी हे नियम सांगितले. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नियमांखाली तो स्वतः सुटला असता का, याची मला शंकाच आहे.

चौकस:
माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे काय?

सनद:
नाही, तो सहसा सरळ घरी जात नाही. अशा निकालात आरोपीने ते कृत्य केले होते किंवा नाही, हे न्यायालयाला स्पष्ट नमूद करावे लागते. केले असल्यास त्याला सुरक्षित अभिरक्षेत, म्हणजे व्यवहारात बहुधा येरवडा किंवा ठाणे यांसारख्या मनोरुग्णालयात, ठेवण्याचा अथवा हमी घेऊन नातेवाइकांच्या वा मित्राच्या स्वाधीन करण्याचा आदेश होतो. या वास्तव्याला शिक्षेसारखी ठरलेली मुदत नाही. सोडल्यास त्याला स्वतःला किंवा इतरांना धोका नाही, असे प्रमाणित झाल्यावर राज्य शासन निर्णय घेते. ताबा घेण्यास घरचे कोणी पुढे आले नाही, तर बरा झालेला माणूसही तेथे अडकून पडू शकतो.